‘पीसीव्ही-मुक्त’ पीके-१५ पेशींत पीसीव्ही-१ आढळल्याबाबत तक्रार

इंदूर

प्रति,
व्यवस्थापक, गुणवत्ता नियंत्रण विभाग

विषय : सदोष सेल लाइन बदलून मिळणे व लेखी खुलासा

महोदय,

आपण पुरवलेल्या पीके-१५ पेशींच्या (डुकराच्या मूत्रपिंडापासूनची सेल लाइन, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढवता येणाऱ्या पेशी) व्हायलींत पोर्सिन सर्कोव्हायरस-१ (पीसीव्ही-१, डुकरांतला एक विषाणू) आहे. सोबतच्या प्रमाणपत्रावर ‘पीसीव्ही : आढळला नाही’ असे छापले आहे. बिल, प्रमाणपत्र आणि चाचण्यांचे निकाल जोडले आहेत.

याच विषाणूचा दुसरा प्रकार असलेल्या पीसीव्ही-२ च्या चाचणीसाठी पेशी निम्म्याहून थोड्या जास्त दाट असताना त्यांत विषाणू घालतात आणि नंतर ३०० मिलिमोलर ग्लुकोसामाइन (एक अमिनो-शर्करा) अर्धा तास देतात. सर्कोव्हायरस विभाजन होत असलेल्या पेशींतच वाढतो आणि ग्लुकोसामाइनने त्याला जोर मिळतो. आपल्या पेशींत विषाणू मुळीच न घातलेल्या कंट्रोल वेलमध्येही (तुलनेसाठी ठेवलेल्या खळग्यांतही) सर्कोव्हायरसविरुद्धची प्रतिपिंडे असलेल्या डुकराच्या सीरमने केंद्रके रंगली. पीसीव्ही-२ च्या कॅप्सिडविरुद्धच्या (विषाणूच्या कवचाविरुद्धच्या) मोनोक्लोनल (एकच लक्ष्य ओळखणाऱ्या) प्रतिपिंडाने मात्र तशाच वेल कोऱ्या राहिल्या. मग पीसीव्ही-१ चा पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवून तो ओळखणारी चाचणी) केला, तो पॉझिटिव्ह आला. ग्लुकोसामाइन दोन्ही प्रकारांना वाढवते, त्यामुळे आत दडलेला विषाणू आम्हीच फुगवत होतो.

यावर आपल्या ग्राहक सेवा विभागाचे उत्तर आले की पेशी फोटोत निरोगी दिसतात, दूषण तुमच्याकडे झाले असावे, माध्यमात पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन वाढवून पाहा. पीसीव्ही-१ ने पेशी मरत नाहीत, त्यांचा आकारही बदलत नाही. फोटोत तो दिसणार कसा? अँटिबायोटिकबद्दल तर काय बोलावे. विषाणू सोडाच, पेशीभित्तिका नसलेल्या मायकोप्लाझ्मावरही पेनिसिलिन चालत नाही.

दूषण आमच्याकडचे नाही, याची खात्री अशी केली. त्याच लॉटची न उघडलेली व्हायल द्रव नायट्रोजनमधून काढून, संवर्धन न करता, थेट तिच्यातून डीएनए काढला. आमचे सीरम, ट्रिप्सिन (पेशी सुट्या करणारे विकर) वा माध्यम त्याला लागलेच नाही. निकाल पॉझिटिव्ह, पाण्याचा आणि रिकाम्या किटचा कंट्रोल निगेटिव्ह. पुढे वाढवलेल्या पेशींवरच्या द्रवाला आधी डीएनेज (सुटा डीएनए तोडणारे विकर) देऊन मग डीएनए काढला, तरीही पॉझिटिव्ह. नुसते सुटे तुकडे असते तर डीएनेजने संपले असते. कवचातला जीनोम तेवढा वाचतो. हाच द्रव दुसऱ्या स्रोताच्या स्वच्छ पीके-१५ वर घातल्यावर प्रत्येक पासेजला (पेशी नव्या भांड्यात हलवताना) सीटी (पीसीआरमध्ये विषाणू दिसायला लागणाऱ्या फेऱ्यांची संख्या; ती कमी म्हणजे विषाणू जास्त) खाली येत गेली, म्हणजे विषाणू जिवंत आहे.

चूक कुठे झाली तेही प्रमाणपत्राच्या तळटीपेतच आहे. आपले प्रायमर (पीसीआरमध्ये लक्ष्य शोधणारे डीएनएचे छोटे तुकडे) पीसीव्ही-२ च्या कॅप्सिड जनुकावर बसतात. दोन्ही प्रकारांत सर्वांत जास्त फरक याच जनुकात आहे. रेप जनुक (विषाणूच्या प्रती काढणाऱ्या प्रथिनाचे) त्या मानाने बरेच सारखे. या चाचणीला पीसीव्ही-१ सापडणारच नव्हता, आणि तरी निष्कर्ष सरसकट ‘पीसीव्ही’चा लिहिला आहे. पीसीव्ही-१ चा पहिला शोधच १९७४ साली पीके-१५ पेशींतल्या दूषणातून लागला. ही सेल लाइन विकणाऱ्याने सर्वांत आधी तपासायची गोष्ट हीच. २०१० मध्ये रोटाव्हायरसच्या एका लशीत पीसीव्ही-१ चा डीएनए सापडला आणि माग थेट मास्टर सेल बँकेपर्यंत (गोठवलेल्या मूळ पेशींच्या साठ्यापर्यंत) गेला. आपल्या बँकेसाठी डुकराच्या स्वादुपिंडापासूनचे ट्रिप्सिन वापरले असेल तर त्याचाही लॉट तपासावा.

पेस्टिव्हायरस या दुसऱ्या विषाणू-गटाबाबतही प्रमाणपत्रात फक्त ‘सूक्ष्मदर्शकाखाली परिणाम नाही’ एवढेच आहे. वासराच्या सीरममधून येणारा बीव्हीडीव्ही (गुरांतला अतिसाराचा पेस्टिव्हायरस) बहुधा पेशी न मारणाऱ्या प्रकारचा असतो. आम्ही पेस्टिव्हायरस ओळखणाऱ्या ३२४/३२६ प्रायमरनी पाहिले, २८८ बेसचा पट्टा आला नाही. इथे माल स्वच्छ निघाला, पण त्याचे श्रेय आपल्या चाचणीला नाही. क्लासिकल स्वाइन फिव्हरचे (डुकरांचा रोग, त्याचा विषाणूही पेस्टिव्हायरसच) काम याच पेशींवर चालते आणि तो विषाणूही सहसा पेशी मारत नाही, म्हणून ही तपासणी आरटी-पीसीआरनेच (आरएनए असलेल्या विषाणूंसाठीच्या पीसीआरनेच) व्हायला हवी.

पार्सलमध्ये ड्राय आइस जेमतेम मूठभर उरला होता. इंदूरच्या मे महिन्यात साधे थर्माकोलचे खोके चालत नाही.

आमच्या मागण्या : आधीच्या, वेगळ्या बँकेतून नवीन व्हायली द्याव्यात. त्यांच्या अहवालात पीसीव्ही-१ आणि पीसीव्ही-२ वेगवेगळे लिहावेत, प्रत्येकाचे लक्ष्य-जनुक आणि किमान किती प्रती सापडतात तो आकडा द्यावा. अशी बँक नसल्यास पूर्ण रक्कम परत करावी. हाच लॉट ज्यांना गेला त्या सर्वांना लेखी कळवावे, विशेषतः लशीच्या बीज-विषाणूचे (ज्यापासून लस बनते त्या मूळ विषाणूचे) काम करणाऱ्यांना. ते बीज पुढे बाह्य विषाणूंच्या तपासणीत नापास होईल. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक आयोगाकडे जावे लागेल.

उरलेल्या व्हायली द्रव नायट्रोजनमध्ये वेगळ्या ठेवल्या आहेत. परत हव्या असल्यास ड्राय शिपर (द्रव नायट्रोजनने थंड राहणारे वाहतुकीचे भांडे) पाठवावा. थर्माकोलच्या खोक्यात दिल्या जाणार नाहीत.

कळावे,
प्रमुख, पेशी संवर्धन विभाग