मृत्यूचं कारण लिहिता येतंय तोवर

संपादक महोदय,

व्हिडिओ गेमबद्दल वर्तमानपत्रांत छापून येतं ते बहुतेक वेळा मुलांचे डोळे, परीक्षा आणि व्यसन यांबद्दल. ते यायलाच हवं. पण पन्नाशी ओलांडलेले आणि मनापासून खेळणारे वाचकही आहेत, मी त्यांतली एक. आमच्यापुढचा प्रश्न वेगळा असतो. फार अवघड गेम हातात घेतला, आठवडे गेले, एकाच शत्रूपाशी गाडी अडली. आता खेळत राहायचं की थांबायचं? गेले चार महिने मी या प्रश्नाशी झगडते आहे, म्हणून हे पत्र.

गेमचं नाव 'सेकिरो: शॅडोज डाय ट्वाइस'. फ्रॉमसॉफ्टवेअर या जपानी कंपनीने तो मार्च २०१९ मध्ये आणला. दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी. त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये तो वर्षातला सर्वोत्कृष्ट गेम ठरला. सोळाव्या शतकाच्या अखेरचा जपान, डावा हात गमावलेला एक शिनोबी (म्हणजे निन्जा) आणि त्याने जिवापाड जपायचा त्याचा लहानगा धनी, अशी गोष्ट आहे. यातली लढाई मुख्यतः समोरच्याचा तोल मोडण्याची. त्याचा वार अंगावर येतो नेमक्या त्या क्षणी डाव्या तर्जनीखालचं एल-वन बटण दाबलं तर तलवार ठणकन वाजते, ठिणग्या उडतात आणि त्याचा तोल ढळतो. बटण फार आधीपासून दाबून धरलं तर वार नुसता अडतो, आवाज बोदा येतो आणि तोल ढळतो तो आपला. लांब पळालं की तो पुन्हा सावरतो. घाबरून बटण बडवत राहिलं तर अचूक अडवण्याची फट आणखी अरुंद होते. आणि सेटिंगमध्ये 'सोपा' असा पर्यायच नाही.

मी अडकले ती किल्ल्याच्या माथ्यावर, गेनिचिरो आशिना या शत्रूपाशी. दोनदा पाडला तरी तो चिलखत उतरवून तिसऱ्यांदा उभा राहतो, आणि मग विजा फेकायला लागतो. माझ्या भाच्यानेच मला हा गेम दिला. पहिल्या आठवड्यात तो म्हणाला, "मावशी, तू सारखी मागे का जातेस? त्याला चिकटून राहा." तिसऱ्या आठवड्यात तोच म्हणाला, "मावशी, पुरे कर आता, दुसरं काहीतरी खेळ." दोन्ही सल्ले मायेपोटी दिलेले. पण यांतला कुठला कधी ऐकायचा, हे मला कोणी सांगत नव्हतं. खेळणाऱ्यांमध्येही तोडगे दोनच: एक म्हणजे 'तू आणखी तयार हो', आणि दुसरा 'आयुष्य थोडं आहे, सोड'.

मी ३१ वर्षं गणित शिकवलं. मुलाचं उत्तर चुकलं की त्यालाच खाली कारण लिहायला लावायची माझी पद्धत होती: हातचा राहिला, चिन्ह चुकलं, प्रश्न नीट वाचला नाही. 'चुकलं' एवढंच लिहिलेलं चालायचं नाही. तीच वही मी गेनिचिरोसाठी घातली. प्रत्येक मरणाला एक ओळ. त्यातल्या काही जशाच्या तशा देते:

'१४. उडी मारून आपटला, अडवलं. लाल अक्षर दिसलं. मी उडी मारली, त्याने भोसकलं.'
'१५. तेच. पुन्हा उडी.'
'२२. औषध घ्यायला थांबले. बाण.'
'३७. भोसकायला आला तेव्हा पुढे सरसावून तलवार पायाखाली दाबली! मग हुरळून दोन वार जास्त केले.'

लाल अक्षर म्हणजे हा वार नुसता अडवून भागणार नाही अशी सूचना. तो पायांवर झाडणार असेल तर उडी, भोसकणार असेल तर पुढे सरसावायचं. हे मला माहीत होतं, पण हाताला माहीत नव्हतं. चौदावी आणि पंधरावी ओळ एकाखाली एक लिहिली तेव्हा कळलं की मी त्याच्याकडे बघतच नव्हते, लाल रंग दिसला की उडत होते. मग पडक्या देवळापाशी हानबेई नावाचा जो अमर माणूस सरावासाठी उभा असतो, त्याच्याकडे तीन संध्याकाळी घालवल्या. फक्त पुढे सरसावणं, दुसरं काही नाही. गेनिचिरोच्या सलग वारांची माळ मी डोळ्यांनी मोजायची सोडून कानांनी मोजायला लागले, वर्गात पाढा म्हणून घेताना टेबलावर बोट वाजवायचे तशी. विजेचं गणित तर उलटंच निघालं: पळायचं नाही, हवेत उडी मारून ती अंगावर घ्यायची आणि पाय जमिनीला लागायच्या आत तलवारीच्या वाराने परत करायची. चौसष्टाव्या मरणानंतरच्या डावात ते जमलं. किती तरी वेळ मी कंट्रोलर मांडीवर ठेवून बसून राहिले. हात थरथरत होते आणि मला फार आनंद झाला होता.

या चौसष्ट ओळींत थांबायचा विचार अनेकदा आला, पण थांबले नाही ते बरंच झालं असं आज वाटतं. त्याचं कारण जिद्द नव्हे. ओळी बदलत होत्या. दहाव्या मरणाचं कारण तिसाव्याला लागू नव्हतं. चुका पुढच्या इयत्तेत गेल्या होत्या.

एका गोष्टीने मात्र मी हलले. मेलं की पुढच्या कौशल्याकडे जमलेल्या अनुभवातला निम्मा भाग जातो आणि जवळची निम्मी नाणीही. ते मी सोसत होते. पण वारंवार मेलं तर या गेममधल्या ओळखीच्या माणसांना रोग जडतो. एका रात्री मी परतले तेव्हा देवळात बसून मूर्ती कोरणारा म्हातारा खोकत होता. मला ठाऊक होतं की यावर इलाज मिळतो आणि या रोगाने कोणी दगावत नाही. तरी त्या रात्री मी पुन्हा लढायला गेले नाही.

पुढे बऱ्याच अवधीने 'डीमन ऑफ हेट्रेड' आला. आगीचा प्रचंड राक्षस, तिनदा पाडावा लागतो, आणि त्याला न हरवताही गोष्ट शेवटाला नेता येते. तो मुळात कोण, हे सांगून न खेळलेल्यांचा रस घालवत नाही, पण ते कळल्यावर मला त्याच्याशी लढणं टाळावंसं वाटेना. नवी पानं घातली. सुरुवातीच्या ओळी छान होत्या: 'पायांजवळ राहिले, टिकले', 'उडी उशिरा'. मग पंचविसाव्यापासून वहीत एकच वाक्य यायला लागलं: 'कळलं नाही.' अंगाजवळ गेलं की पडद्यावर नुसती आग आणि पोट, तो काय करतो आहे ते दिसेना. सव्विसावं, सत्ताविसावं, तेच. एकेचाळिसाव्यापर्यंत सलग सतरा ओळी 'कळलं नाही'. डाव्या तर्जनीचं पेर सकाळी वळेनासं झालं होतं. गेम बंद केल्यावरही मी झोपेत त्याच पटांगणात फिरत होते.

मी थांबले. माझ्या मुलांपैकी कुणी सलग सतरा वेळा 'कळलं नाही' लिहिलं असतं, तर मी त्याला अठरावं उदाहरण दिलं नसतं. आज थांबणं हे हरणं आहे असं जे म्हणतात, त्यांनी माझी ही पानं पाहावीत आणि गेनिचिरोचीही पाहावीत. खेळणारी तीच, चिकाटी तीच. फरक एवढाच की एकीकडे मी शिकत होते आणि दुसरीकडे फक्त झिजत होते. स्वतःच्या बाबतीत हा फरक कागदावर आणल्याशिवाय दिसत नाही, कारण चौथ्या तासाला दोन्हींतला राग सारखाच असतो.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. माझ्या एका जिवलग मैत्रिणीला कंपवात आहे. माझ्या तोंडून या गेमचं वर्णन ऐकून तिने एकदा कंट्रोलर हातात घेतला. वार कधी अडवायचा हे तिला माझ्याहून लवकर समजलं, तिची नजर तीक्ष्ण आहे. बोट वेळेवर पोचत नव्हतं. दहा मिनिटांनी तिने कंट्रोलर शांतपणे परत दिला. तिच्या वहीत कारण स्पष्ट होतं, पण ते सरावाने जाणारं नव्हतं. तिला 'आणखी प्रयत्न कर' म्हणणं क्रूरपणा आहे. २०१९ मध्ये हा गेम आला तेव्हा सोप्या पर्यायावरून मोठा वाद झाला. पर्याय दिला तर गेमचा आत्माच जाईल असं कित्येकांचं म्हणणं होतं. मला ते पटत नाही. आदल्याच वर्षी आलेल्या 'सेलेस्ट'मध्ये, जो उड्यांचा तितकाच कठोर गेम आहे, 'असिस्ट मोड' आहे: गेमचा वेग निम्म्यापर्यंत कमी करता येतो. 'हेडीज' या आणखी एका गेममध्ये 'गॉड मोड' चालू केला तर सुरुवातीला २० टक्के मार कमी बसतो आणि दर मरणागणिक आणखी २ टक्के, ८० टक्क्यांपर्यंत. ज्यांना हे नको ते हात लावत नाहीत. माझ्या चौसष्ट ओळींची किंमत मैत्रिणीला सवलत मिळाल्याने तिळभरही कमी झाली नसती.

म्हणून आपल्याला विनंती. पुस्तकांची, नाटकांची परीक्षणं आपण छापता, तशी गेमचीही छापा, आणि त्यांत 'अवघड आहे' एवढ्यावर भागवू नका. मेल्यावर किती मागे जावं लागतं, काय गमावतं, मध्येच थांबवता येतो का (सेकिरो थांबवता येतो, फ्रॉमसॉफ्टवेअरच्याच इतर कित्येक गेममध्ये तशी सोय नाही), वेग किंवा मार कमी करायची सोय आहे का, चुकलं ते कशाने हे गेम दाखवतो का, हे लिहावं. घ्यावा की नाही आणि कुठवर खेळावा, हे मग वाचक आपलं आपण ठरवतील.

राक्षसाची पानं मी टाचणी लावून बंद केली आहेत. शेवटचा शत्रू, इशिन, अजून उभा आहे. त्याच्या नावाने काल नवं पान घातलं. सहा ओळी झाल्या, सहाही वेगळ्या. रात्री दहानंतर खेळायचं नाही, आणि तीन वेळा 'कळलं नाही' आलं की आठवडाभर सुट्टी, एवढं पानाच्या डोक्यावर लाल शाईने लिहून ठेवलं आहे.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका