माडीवरचं गाणं

मिरज

प्रिय सुमे,

माझी शुगर ताब्यात आहे, ह्यांचा गुडघा कुरकुरतोय, बाकी क्षेम. आता मुद्द्याचं.

काल माडीवर आपल्या महिन्याच्या बैठकीत शुद्ध कल्याण राग झाला. गाणारी पोरगी तिशीचीही नसेल. तार षड्जावरून, वरच्या 'सा'वरून, मींडेत म्हणजे सूर न तोडता घसरत उतरताना निषादाला, त्या 'नी'ला, नुसती चाटून गेली आणि आपलं जुनं भांडण एकदम जागं झालं. निषाद जाणवावा, दिसू नये, हे तुझं. किराणा घराण्याचं गातेस ना, मग ऐकू येऊ दे की जरा, हे माझं. त्या भांडणापायी तू एकदा जेवणावरून उठली होतीस, तेही पुरणपोळी टाकून!

तर पहिली काही आवर्तनं तुझ्या बाजूनं गेली. मग दाराशी बसलेल्या, आपला तंबोरा लावणाऱ्या चाचांच्या तोंडून 'हाय' निघालं. तिनं मान वळवून बघितलं, हसली, आणि पुढच्या वेळी त्याच निषादावर जराशी टेकली. मग त्याच उतरणीवरून किती वाटांनी खाली आली म्हणून सांगू! सुमे, हे तिनं घरून ठरवून आणलेलं नव्हतं. चाचांच्या त्या एका 'हाय'नं ते तिच्याकडून काढून घेतलं. हे इथं कुणाला सांगू? 'छान झालं म्हणे गाणं' एवढंच म्हणतात.

आणि नेमकं कालच, चहाच्या वेळी अण्णांनी जाहीर केलं की प्रायोजक मिळालाय. यंदापासून शाळेच्या पटांगणावर मंडप, दोन हजार खुर्च्या, दोन्ही बाजूंना एलईडी पडदे. वर्षातून एक मोठा महोत्सव, आणि महिन्याची बैठक बंद. रात्रभर डोळा लागला नाही.

अण्णांचं म्हणणं, 'सवाईला हजारो माणसं बसतात, तिथं गाणं होत नाही का?' होतं की. आपणही ऐकलंय, भारावून परत आलोय. पण 1953 साली भीमसेनजींनी गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ सुरू केलेला तो महोत्सव आहे. पिढ्यान्‌पिढ्या ऐकून तिथला श्रोता घडलाय. मंडप घातला म्हणून तो श्रोता आपोआप येत नाही. शिवाय उघड्यावर दहाला लाउडस्पीकर बंद करावा लागतो. म्हणजे दरबारी, मालकंस या रात्रीच्या रागांची खरी वेळ यायच्या आतच भैरवी! माडीवर कर्णाच नाही, त्यामुळं मध्यरात्रीपर्यंत कुणी घड्याळ बघत नाही.

2025च्या जानेवारीत लेक मला नव्या मुंबईला डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेला घेऊन गेली होती. सगळ्यांच्या मनगटावरचे पट्टे एकदम उजळले तेव्हा मलाही भरून आलं. हजारो पोरं एका सुरात गात होती, ते खोटं नव्हतं. पण गाणारा माणूस मी पडद्यावरच बघितला. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. शंभर मीटर लांब बसलेल्याला मंचावरचा सूर पाव सेकंदाहून उशिरा पोहोचतो, म्हणून मध्ये मध्ये स्पीकरचे मनोरे उभारून त्यांचा आवाज मुद्दाम तेवढाच उशिरा सोडतात. त्यात वाईट काही नाही, पण एवढ्या लांबून मी 'हाय' म्हटलं तर ते कुणापर्यंत जाणार? परत येताना लेकच म्हणाली, 'आई, हाच बँड एखाद्या छोट्या हॉलमध्ये मिळाला तर मी याच्या दुप्पट पैसे देईन.' तिला तुझ्यासारखी शाबासकी दिली, पाठीत धपाटा घालून.

चाचांनी काल बैठकीआधी तंबोरा लावला. घोडीवर तारेखालचा तो सुताचा धागा केसभर इकडं, केसभर तिकडं, आणि जवारी, तारेची ती गुंज, अशी खुलली की खोली आपणहून बोलायला लागली. मिरजेच्या तंबोऱ्याला 2024 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, गावानं सत्कार केले, आणि त्याच गावात तो तंबोरा जवळून ऐकायची जागा आपण बंद करणार?

एका गोष्टीवर मात्र अण्णांना उत्तर देता येत नाही. बिदागी. त्या पोरीला आपण काल जे पाकीट दिलं त्यात तबलजी, पेटीवाला आणि गाडीभाडं वजा जाता तिला काय उरलं असेल? मोठ्या मंडपात तिला चार पैसे मिळतील आणि ते तिला मिळायलाच हवेत. म्हणून मी असं मांडणार आहे की महोत्सव जरूर करा, पण प्रायोजकाच्या पैशातला ठराविक हिस्सा माडीवरच्या कलाकारांना द्या. बैठक बंद करायची नाही. वर्गणी वाढवा, मी घरोघर जाऊन गोळा करीन.

तुझ्या सूनबाईचं बाळंतपण नीट झालं हे कळलं, फार आनंद झाला. नाव काय ठेवताय? नवं घर लागलं का अंगाला?

सभा रविवारी आहे. अण्णा माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतात. सभासद क्रमांक एक तू आहेस. त्याआधी त्यांना फोन कर. सकाळी कर, दुपारी ते झोपतात आणि झोपमोड झाली तर मत आपल्या विरुद्ध जाईल. आणि निषादाचं त्यांच्याजवळ काढू नकोस, ते भांडण आपल्या दोघींचं आहे.

तुझी,
नली