एकोणीस वर्षांच्या त्या मुलासाठी, ताई, तुमचे आभार

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

समोरासमोर आभार मानायला गेले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे उघड पत्र.

आनुवंशिक आजाराचं जनुक शोधण्यासाठी एका कुटुंबाची, तीन पिढ्या आणि 23 माणसांची वंशावळ मी मर्लिन या संगणक प्रोग्रॅमला दिली होती. पेडिग्री फाइलमध्ये आजारी माणसापुढे 2, निरोगी माणसापुढे 1. चौथ्या गुणसूत्राच्या एका पट्ट्यावर लॉड स्कोअर, म्हणजे तो पट्टा आणि आजार एकत्र उतरतात याच्या पुराव्याचा लॉगॅरिदम, आला उणे अनंत. तो पट्टा मी बाद करणार, एवढ्यात तुम्ही म्हणालात, "थांब, हा आकडा कोणामुळे आला ते आधी शोध."

संध्याकाळभर आपण एकेका माणसाचे हॅप्लोटाइप, म्हणजे आई किंवा वडिलांकडून एकत्र उतरलेले गुणसूत्राचे तुकडे, बघत बसलो. आजारी माणसांमध्ये चालत आलेला तुकडा एका 'निरोगी' मुलाकडेही होता. तुम्ही त्याचं वय विचारलंत. एकोणीस. "लक्षणं चाळिशीनंतर दिसतात ना? मग हा निरोगी आहे हे तुला कोणी सांगितलं?"

प्रोग्रॅमला मीच सांगितलं होतं. जनुक असेल तर आजार दिसलाच पाहिजे, असं गृहीतही मीच धरलं होतं. त्या गणितात असा एक मुलगासुद्धा सगळा पुरावा शून्यावर आणतो, आणि शून्याचा लॉगॅरिदम म्हणजे उणे अनंत. तुम्ही वयाचे गट पाडून प्रत्येक गटाला, जनुक असताना आजार दिसण्याची वेगळी शक्यता द्यायला शिकवलंत. त्याच पट्ट्यावर स्कोअर 3.4 आला.

मी आनंदाने उठले, तर तुम्ही पुन्हा बसवलंत. लॉड स्कोअर पुरेसा मानायची 3 ही रेघ न्यूटन मॉर्टन यांनी 1955 मध्ये सुचवली. तिचा अर्थ इतकाच, की मार्कर (गुणसूत्रावरची ओळखता येणारी खूण) आणि आजार स्वतंत्रपणे उतरत असण्यापेक्षा ते एकत्र उतरत असण्याच्या बाजूने पुरावा हजारपट आहे. जनुक सापडलं असं त्यातून होत नाही. हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजाराचा मार्कर 1983 मध्ये मिळाला, जनुक हाती यायला 1993 उजाडलं. हे तुम्ही त्याच दिवशी सांगितलं नसतं, तर मी त्या कुटुंबाला भलतीच आशा दाखवली असती.

पण सगळ्यात जास्त आभार त्यानंतरच्या गोष्टीसाठी. कुटुंबाला दाखवायच्या आकृतीत मी सगळ्यांचे हॅप्लोटाइप रंगवले होते, त्या मुलाचाही. तुम्ही ते सगळे रंग काढायला लावलेत. "त्याने आपल्याला रक्त दिलंय, स्वतःचं भविष्य विचारलेलं नाही." त्याला कधी विचारावंसं वाटलं, तर आधी समुपदेशक असेल, हेही तुम्ही तेव्हाच लिहून ठेवलंत.

ती रंग नसलेली आकृती घेऊनच मी त्या कुटुंबाला भेटले. तो मुलगाही आला होता.

तुमची,
एक विद्यार्थिनी