अळंब्यांचे मिलन आणि पडलेले लाकूड

महोदय,

मेलेल्या लाकडावर उगवणाऱ्या 'शिझोफायलम कम्यून' या पंख्यासारख्या चिमुकल्या अळंबीत नर-मादी असे दोन नव्हे, तर २०,००० हून अधिक मिलनप्रकार आहेत. ते जनुकसंचातील दोन स्वतंत्र स्थानांवरून ठरतात आणि दोन्ही ठिकाणी भिन्नता असेल तरच दोन बीजाणूंपासून वाढलेल्या तंतूंचे मिलन पूर्ण होते; त्यामुळे एकाच अळंबीच्या बीजाणूंत, म्हणजे सख्ख्या भावंडांत, जुळणीची शक्यता जेमतेम २५ टक्के, तर परक्याशी ती जवळजवळ निश्चित असते. किती विलक्षण योजना ही! ही जात सर्वत्र आढळते. परंतु लाकडावर जगणाऱ्या दुर्मीळ अळंब्यांना परका जोडीदार भेटण्यासाठी कुजणारे ओंडके जागोजागी हवेत. म्हणून राखीव वनांतील पडलेले लाकूड सरसकट उचलू नये आणि गावोगावच्या लोकजैवविविधता नोंदवह्यांत अळंब्यांचीही नोंद व्हावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, रत्नागिरी