टॉयलेटच्या दारावरचा कागद

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. म्हाताऱ्या माणसांची आबाळ आणि परदेशात जाऊन बसलेली मुलं, या विषयावर आपल्या पत्रव्यवहारात अधूनमधून येतं ते मी वाचत असते. मी त्या मुलांपैकीच एक. इंग्लंडात लेस्टरजवळच्या एका केअर होममध्ये परक्यांच्या आईवडिलांना न्हाऊ घालते, भरवते, कूस बदलून देते. मिरजेत माझ्या आईचं हेच सगळं मालगावहून एसटीने येणाऱ्या एक मावशी करतात. दोन्हीकडचं थोडंफार कळतं म्हणून हे पत्र. विषय आहे एक कागद.

तो आमच्याकडे स्टाफच्या टॉयलेटच्या दाराला आतून चिकटवलेला असतो. तिथेच का? तर दुसरीकडे कुठेही लावला तरी कुणी वाचत नाही, असं आमच्या मॅनेजरबाईंचं अनुभवाचं मत. इथली कौन्सिल, म्हणजे आपली जिल्हा परिषद समजा, आपल्या हद्दीतल्या सगळ्या केअर होमना आणि घरोघरी माणसं पाठवणाऱ्या एजन्सींना दर आठवड्याला हे बातमीपत्र पाठवते. होम खासगी आहे, मालक नफ्यासाठीच चालवतो. पण २०१४ च्या केअर अ‍ॅक्टने आपल्या भागात चांगली सेवा मिळते आहे की नाही हे बघणं कौन्सिलवर टाकलंय. त्यामुळे तिलाही गरज असते. बातमीपत्र दिसायला रुक्ष. होइस्टने माणूस उचलण्याचं प्रशिक्षण, फुकट, सहा जागा शिल्लक. फ्लूची लस कर्मचाऱ्यांनी कुठे घ्यायची. माहितीच्या सुरक्षेचा वार्षिक फॉर्म ३० जूनच्या आत भरा. केअर क्वालिटी कमिशन, म्हणजे इथली तपासणी करणारी संस्था, तिने काय बदललं. बस.

मी जून २०२२ मध्ये आले. महिन्याभरात, १९ जुलैला, शेजारच्या लिंकनशरमध्ये पारा ४०.३ वर गेला. या देशात चाळिशी ओलांडण्याची ती पहिलीच वेळ. मला मनातून हसूच आलं. मिरजेचा मे महिना काढलेल्या बाईला चाळीसचं काय! पण दारावरचा कागद वाचला आणि हसू गेलं. या घरांना पंखे नाहीत, भिंती उष्णता धरून ठेवायला बांधलेल्या, आणि नव्वदीच्या माणसाला तहान लागलेली कळत नाही. दिवसा पडदे बंद, रात्री खिडक्या उघड्या, दर फेरीला काहीतरी पातळ पोटात, लघवीचा रंग बघून लिहून ठेवा. असं सगळं सुटं सुटं लिहिलेलं होतं. मी चौदा वर्षं दवाखान्यात काढलेली नर्स, तरी रात्रीच्या पाळीला तो कागद तीनदा वाचून आले.

प्रशिक्षणाचंही तसंच. नव्या माणसाला इथे केअर सर्टिफिकेट करावं लागतं. कायद्याने सक्ती नाही, पण केलं नाही तर तपासणीला काय उत्तर देणार? २०१५ मध्ये ते सुरू झालं तेव्हा त्याचे पंधरा भाग होते, २०२५ मध्ये सोळावा आला: बौद्धिक अक्षमता आणि ऑटिझमची ओळख. या विषयाच्या प्रशिक्षणाला ऑलिव्हर मॅकगोवन या मुलाचं नाव दिलंय. २०१६ मध्ये, अठराव्या वर्षी तो गेला. मानसिक आजारावरचं औषध नको, असं त्याने आणि आईवडिलांनी सांगूनही त्याला ते दिलं गेलं होतं. २०२२ च्या कायद्याने या विषयाचं प्रशिक्षण सक्तीचं केलं. वर्गात शिकवायला ऑटिझम असलेली व्यक्ती स्वतः येते. आमच्या वर्गात आलेल्या तरुणाने आधी खोलीतली ट्यूबलाइट बंद करायला लावली आणि मग विचारलं, "ही गुणगुणत होती, तुमच्यापैकी किती जणांना ऐकू आली?" एकही हात वर झाला नाही.

सगळं छान आहे असं मात्र समजू नका. बरंचसं प्रशिक्षण ऑनलाइन असतं. पहाटे तीन वाजता, कॉलबेलकडे एक कान ठेवून, 'नेक्स्ट नेक्स्ट' दाबत सर्टिफिकेट काढणाऱ्या मुली मी पाहिल्यात, काढलंयही. स्क्रीनवर होइस्ट शिकलेली मुलगी स्लिंगचे, म्हणजे माणूस ज्यात बसवून उचलतात त्या झोळीचे, पट्टे पायाखालून उलटे घालते, मग ते तुम्ही दुरुस्त करा. आणि बातमीपत्र येतं मॅनेजरच्या मेलवर. मध्ये काही काळ मी दुसऱ्या एका होममध्ये होते, तिथे ते मेलमध्येच मरायचं. तिथल्या रात्रपाळीच्या आम्हा पाच जणींपैकी चौघी भारत, नायजेरिया, झिंबाब्वेच्या. असा काही कागद असतो हेच माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

नोकऱ्यांची बातमीही मला आधी याच कागदावर दिसली. ती आपल्या वाचकांसाठी नीट सांगते, कारण मला अजून फोन येतात. २०२१-२२ मध्ये इंग्लंडात या क्षेत्रात सुमारे १ लाख ६५ हजार जागा रिकाम्या होत्या. म्हणून १५ फेब्रुवारी २०२२ पासून केअर वर्करना व्हिसा सुरू झाला. त्यातूनच मी आले, नवरा आणि मुलगाही आले. ११ मार्च २०२४ पासून नव्या केअर वर्करना कुटुंब आणता येईना. २२ जुलै २०२५ पासून बाहेरून नवे केअर वर्कर घेणंच बंद झालं. आणि तरी दिवाळीच्या सुमारास सांगलीहून ओळखीच्या एका बाईंचा फोन: मुलीला 'यूके केअरगिव्हर'ची जागा मिळतेय, एजंट बारा लाख मागतोय, दागिने मोडू का? मी म्हटलं, "वहिनी, ते दार बंद झालंय. एजंटला सरकारचा परवाना नंबर विचारा." परदेशी नोकऱ्यांसाठीच्या भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेल्या एजंटला आपल्या कायद्याने तीस हजार आणि वर जीएसटी, एवढंच घेता येतं. इथल्या नियमाने तर उमेदवाराकडून भरतीसाठी पैसे घेणंच चूक. परवाना नंबर विचारल्यावर त्या गृहस्थांनी फोन उचलणं बंद केलं, असं वहिनींनी कळवलं.

आता मिरज.

आईला मागच्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला. जानेवारीत मी तीन आठवड्यांच्या रजेवर गेले. मावशींच्या हाताला तोड नाही. आईची पाठ बघितली, इतके महिने अंथरुणात राहून एक लाल डाग नाही. आमच्या केअर होममध्ये याचं कौतुक झालं असतं. पण जेवताना आईला ठसका लागायचा, रोज. दवाखान्यातून घरी सोडताना सांगितलं होतं, "मऊ द्या." मावशी मऊ भातावर पातळ आमटी घालून, आईला उशीवर जरासं टेकवून भरवत होत्या.

मऊ म्हणजे किती मऊ? इथे त्याचं मोजमाप आहे. अन्न आणि पेय मिळून शून्य ते सात अशा आठ पातळ्या आहेत. पाचव्या पातळीच्या अन्नातला कण चार मिलिमीटरहून रुंद चालत नाही, म्हणजे काट्याच्या दोन दातांमधल्या फटीत बसेल एवढा. सहाव्या पातळीचा तुकडा दीड सेंटिमीटरपर्यंत चालतो, पण काट्याने दाबला की चेपून तसाच राहायला हवा, पुन्हा फुगता कामा नये. दाबायचा किती? अंगठ्याचं नख पांढरं होईल इतका. यंत्र नको, वजनकाटा नको. कुठली पातळी कुणाला, हे मात्र स्पीच थेरपिस्टने, म्हणजे बोलण्या-गिळण्याच्या तज्ज्ञाने, तपासून ठरवायचं असतं. आईला मी तिसऱ्या दिवशी घेऊन गेले. पाचवी सांगितली, आणि पाणीही किंचित घट्ट करून.

आमच्या घरात काटा चमचा नव्हताच. लग्नात आलेल्या डिनर सेटमधला माळ्यावरून काढला. मावशींना दाखवलं: आमटी-भात घशात गेला की पातळ आमटी पुढे पळते आणि शितं मागे राहतात, आईला दोन्ही एकदम सांभाळता येत नाहीत, म्हणून ठसका. आमटी-भात एकजीव घोटून घ्यायचा, खिमटासारखा, वर पाणी सुटलेलं दिसता कामा नये. चमचा तिरका केला की गोळा अलगद पडला पाहिजे. चिकटून राहिला तर जास्त घट्ट. आईला ताठ बसवायचं, आणि जेवण झाल्यावर अर्धा तास तसंच. मावशींनी काट्याने गाजराची फोड दाबली, नखाकडे बघितलं, पुन्हा दाबली. मग म्हणाल्या, "ह्ये आधी कुणी सांगितलंच न्हाई बघा. जो त्यो नुसतं मऊ द्या, मऊ द्या."

अकरा वर्षं ब्युरोमार्फत, म्हणजे घरोघरी अशी माणसं पुरवणाऱ्या संस्थेमार्फत, काम करतायत त्या. किती कागद आले तुमच्याकडे, असं विचारलं तर हसल्या. ब्युरोकडून येतो तो पगारातून कमिशन कापल्याचा हिशेब.

माझं म्हणणं एवढंच. जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयाने ब्युरो आणि वृद्धाश्रमांची यादी करावी आणि महिन्यातून एकदा एक पान पाठवावं. मराठीत, मोठ्या अक्षरात, व्हॉट्सअ‍ॅपवर वाचून दाखवलेलंही चालेल. पुष्कळ मावशींना वाचण्यापेक्षा ऐकणं सोपं जातं. उन्हाळ्यात उन्हाचं, पावसाळ्यात ओल्या फरशीवर पडण्याचं. खाली १४५६७, ज्येष्ठांची हेल्पलाइन. मावशींना ती माहीत नव्हती, आणि खरं सांगायचं तर मलाही रजेत कळली. मिरजेत एवढे दवाखाने आहेत. महिन्याला एक दुपार एखाद्या नर्सने चार मावशींना एकत्र बसवून होइस्टशिवाय माणूस कसा उठवायचा ते हाताने दाखवलं, तर त्याला मोठा खर्च नाही. पान ब्युरोच्या मालकाकडे पाठवून थांबू नका, एवढं मात्र बघा. ते थेट मावशींच्या फोनवर जायला हवं, नाहीतर आमच्या जुन्या मॅनेजरच्या मेलसारखं व्हायचं.

तोवर आपण आपल्या पुरवणीत पंधरा दिवसांनी एक चौकट द्याल का? पहिल्या चौकटीचा मजकूर मी लिहून ठेवलाय, घासाचा. काट्याचं चित्र मात्र तुमच्या चित्रकारांनी काढावं, माझं दंताळ्यासारखं दिसतंय.

आपली,
एक वाचक, मूळची मिरजेची
सध्या मुक्काम लेस्टरजवळ, इंग्लंड