राख आणि काळा दगड इथेच वितळवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझं वावर वीज केंद्राच्या राखेच्या तलावापासून जेमतेम दोन किलोमीटरवर आहे. वेचणीच्या दिवसांत वारा सुटला की पऱ्हाटीच्या पानावर अंगठा फिरवून पाहावा, अंगठा राखाडी होतो. असा कापूस नेला की व्यापारी बोंड चोळून बघतो आणि भाव पाडतो. गावामागची काळ्या दगडाची टेकडी तर क्रशरनं निम्मी संपवली. तिची गिट्टी झाली, रस्त्यांखाली गेली.

ही राख आणि हा दगड एकत्र वितळवून टिकाऊ वस्तू होते, याबद्दल आमच्याकडे कुणी बोलत नाही, म्हणून हे पत्र.

आपला काळा दगड म्हणजे बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. त्यात निम्मी सिलिका, म्हणजे वाळूत असते तीच, आणि बरंच लोह. राखेत सिलिका आणि अॅल्युमिना, म्हणजे अॅल्युमिनियमचा ऑक्साइड. दोन्हींची भुकटी १,३०० ते १,४०० अंशांवर वितळवून झटकन थंड केली तर काळी, ठिसूळ काच होते. तीच काच ७०० अंशांच्या आसपास काही वेळ ठेवली की तिच्यात बारीक स्फटिकांची बीजं धरतात आणि ९०० च्या आसपास ती वाढतात. दही लावण्यासारखंच आहे हे. विरजण हवं आणि बेताची ऊब हवी. इथे विरजणाचं काम बरंचसं दगडातलं लोहच करतं. तयार होतं ते काच-सिरॅमिक. ते सहसा झिजत नाही आणि आम्लालाही दाद देत नाही.

माझ्या आजीचा पाटा याच दगडाचा होता. टाकी लावणारी बाई यायची, तिची छिन्नी बोथट होऊन जायची. वीज केंद्रांतही राखेचं पाणी वाहून नेणाऱ्या नळांना ओतीव बेसाल्टचं अस्तर देतात, कारण राख लोखंडाला खरवडून काढते. सोव्हिएत संघात १९६० च्या दशकात लोखंडाच्या भट्टीतल्या मळीपासून (स्लॅग) असं काच-सिरॅमिक कारखान्यांत बनत होतं.

भट्टीला इंधन भरपूर लागतं, त्यामुळे या काच-सिरॅमिकची लादी राखेच्या विटेइतकी स्वस्त पडणार नाही, हे मला कळतं. पण जिनिंगची फरशी, बाजार समितीचा ओटा, रसायन कारखान्यातली गटारं, जिथे सिमेंट दोन-चार वर्षांत उखडतं तिथे ती परवडेल. राखेतले जड धातू पाण्यात उतरतात का, याची चाचणी मात्र आधी झालीच पाहिजे आणि तिचा अहवाल ग्रामपंचायतीत लावला पाहिजे.

कोलकात्यात केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्था आहे, नागपुरात अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, तालुक्याला आयटीआय आहे. शासनानं यांना एकत्र बसवून एक छोटी प्रायोगिक भट्टी राखेच्या तलावाजवळच उभारावी. आयटीआय झालेली आमची पोरं कामासाठी पुण्याला जातात, त्यांना ती चालवायला शिकवावी. आपण हा प्रश्न लोकप्रतिनिधींपुढे मांडावा, ही कळकळीची विनंती.

नमुन्यासाठी दगड लागला तर माझ्या धुऱ्यावरचा मी स्वतः पोत्यांत भरून पोहोचवीन.

आपला,
एक कापूस उत्पादक शेतकरी, जि. नागपूर