परातीची पाळी

पुणे,
१७ जानेवारी

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

परवा रात्री नाशिकहून घरी पोचलो. फोनवर ‘सगळे बरे आहेत’ एवढंच म्हणालो, कारण बाकीचं फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. बाबा दोन मिनिटांत ‘बरं, ठेव आता’ म्हणतात आणि आईच्या हातात फोन येईपर्यंत विचारायचं ते तिच्या डोक्यातून निघून गेलेलं असतं. शिवाय यातलं बरंचसं लिहूनच पाठवायला हवं होतं. का, ते पुढे येईल.

रविवारी पहाटे निघालो. नात बरोबर होती, तुमच्या सुनेला सुट्टी मिळाली नाही. मोहदरीचा घाट उतरून चेहडीच्या पुलावर आलो तशी गाडी हळू केली. आत्याकडून एस.टी.नं परतताना बाबा याच पुलावर उभे राहायचे आणि वरच्या पिशव्या काढायला लागायचे, स्टँड यायला अजून बराच अवकाश असायचा तरी. हे नातीला सांगितलं. तिनं काच खाली करून दारणेकडे पाहिलं आणि विचारलं, “म्हणजे आजोबांचं गाव इथून सुरू होतं?” मी हो म्हणालो. तुम्ही गुहागरचे असलात तरी हो म्हणालो.

आधी नेहरूनगरात आपल्या क्वार्टरकडे गेलो. आता तिथं दुसरं बिऱ्हाड आहे. आई, तू मागच्या बाजूला लावलेला कढीपत्ता पहिल्या मजल्याच्या गॅलरीपर्यंत गेलाय. तिथल्या बाईंना म्हटलं, हे झाड माझ्या आईनं लावलंय, तर त्यांनी न विचारता दोन मोठ्या फांद्या तोडून हातात दिल्या. “आम्हाला वाटायचं, आधीपासूनचंच आहे,” म्हणाल्या. गाडीभर वास सुटला होता.

तिथून जेल रोडला, माई-तात्यांकडे. त्यांचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे. (हे आईच्या गुडघ्यांसाठी लिहितोय, ध्यानात ठेव.)

बाबा, आता तुमच्याशी बोलायचंय. गेली दोन वर्षं तुम्ही मनात धरून बसला आहात की तात्या फोन उचलत नाहीत, उचललाच तर ‘हो, हो’ करून ठेवून देतात, त्यांना आता आपली गरज उरली नाही. दिवाळीत तर तुम्ही म्हणालात, “तीस वर्षं एका डब्यात जेवलो, आता माणूस ओळख देत नाही.” बाबा, तात्यांना ऐकू येत नाही हो. समोर बसलं, तोंडावर उजेड असला की ओठ बघून त्यांना बरंचसं कळतं. फोनवर काहीच कळत नाही. कानाचं मशीन आहे, पण फोन जवळ नेला की ते शिट्टी घालतं, म्हणून टीव्हीखालच्या खणात पडून असतं. मागच्या वर्षी त्यांच्या चुलतभावाच्या घरून फोन आला, तात्या नेहमीसारखे “हो हो, छान, छान” म्हणाले. पलीकडून भाऊ गेल्याचं सांगत होते. माईंनी नंतर सांगितलं तेव्हा ते दोन दिवस जेवले नाहीत. तेव्हापासून फोन वाजला की ते उठून गॅलरीत जातात.

त्यांनी हे कुणाला सांगितलेलं नाही. मलाही माईंनी स्वयंपाकघरात, हळू आवाजात सांगितलं. मी तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही रागावलेले राहावंत असं मला वाटत नाही.

दुपारी तात्या आणि मी गॅलरीत उन्हाला बसलो. एकदा तोंडाकडे बघून बोलायची सवय झाल्यावर ते जे बोलायला लागले, ते चार वाजेपर्यंत. सगळं प्रेसचंच. सिक्युरिटी प्रेस १९२५ची, नोट प्रेस १९२८ची, म्हणजे आमची थोरली, असं ते नातीला समजावून सांगत होते. तुम्ही नोटेकडे, ते स्टॅम्पकडे, आणि शिफ्ट सुटल्यावर दोघं गेटबाहेर एकमेकांसाठी थांबायचात, झडती आधी कुणाची होईल त्यावर. नातीनं विचारलं, स्टॅम्पकडे म्हणजे काय छापायचात? तिकिटं, पोस्टकार्डं, अंतर्देशीय पत्रं, असं त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. मग जरा वेळ गप्प बसून म्हणाले, “हातून किती कार्डं गेली गं, मोजदाद नाही. आता वर्षात एक येत नाही.”

संध्याकाळी मुक्तिधामला पायी गेलो. आई, भिंतीवरच्या गीतेपुढे मी नातीला उभं केलं आणि सांगितलं की आजीनं पंधरावा अध्याय पुस्तकातून नाही, इथं उभं राहून पाठ केला, मला कडेवर घेऊन. तिनं त्या भिंतीचा फोटो काढलाय, सोबत पाठवतो.

सोमवारी देवळाली गावच्या बाजाराला माई मला घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी भोगी, त्यामुळे मुंगी शिरायला जागा नव्हती. ओला हरभरा, पावटा, गाजरं, बोरं, उसाची कांडकी, सगळं माईंनी निवडून निवडून घेतलं, आणि प्रत्येक गाड्यावर मला पुढे करून सांगायच्या, “ओळखलं का? चौदा नंबरच्या बिल्डिंगमधल्या वहिनींचा थोरला.” एका म्हाताऱ्या भाजीवालीनं खरंच ओळखलं. “तुझी आई वांगी दाबून बघायची,” म्हणाली. माझं नाव तिथं कुणालाच लागलं नाही, आई. तीन दिवस मी फक्त तुमचा मुलगा होतो. पन्नाशीला आल्यावर ते फार बरं वाटलं.

आणि आता परातीचं.

भोगीच्या सकाळी माईंनी बाजरीचं पीठ मळायला माळ्यावरची पितळी परात काढायला लावली. मी ओळखली नाही असं कसं होईल! तीच ती, दोन्ही हात पसरल्याशिवाय उचलता न येणारी. तुम्ही सहा जणींनी भिशी लावून भांडी बाजारातून आणलेली. माईंनी चिंच-मीठ लावून घासली आणि काठावरची अक्षरं वर आली: ‘सहा घरं १९८४’. तू कधी तरी सांगितलं होतंस, नाव घालणारा अक्षराला पैसे घ्यायचा, सहा जणींची नावं घालायची तर परातीइतकाच खर्च आला असता, म्हणून एवढंच घातलं. एकेक अक्षर ठिपक्या-ठिपक्यांचं. ‘घ’चा कान जरा वाकडा गेलाय. इतकी वर्षं घासून घासून ठिपके बोटाला जेमतेम लागतात, पण उजेडात धरली की सगळं वाचता येतं.

काठाला एक पोचा आहे. त्यावर माईंनी बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. १९९१च्या सिंहस्थात आपल्याकडे गुहागरहून अकरा माणसं आली होती, दोन खोल्यांत. परात तेव्हा आपल्याकडे मुक्कामालाच होती, रोज दोन वेळा तिच्यात कणीक भिजायची. ती धुऊन आणताना जिन्यावरून माझ्या हातून सुटली आणि खाली तळमजल्यापर्यंत वाजत गेली. माई बाहेर आल्या, परात उचलली, पदरानं पुसली आणि “माझ्या हातून पडली” असं तुला सांगितलं. तू त्यांना काही बोलली नाहीस, पण आठ दिवस जरा घुम्यातच होतीस. आई, ती मी पाडली होती. माई पस्तीस वर्षं तो पोचा आपल्या नावावर घेऊन आहेत. आज तुला सांगितलं.

तुमचा नियम असा होता ना, परात वर्षभर एका घरी, संक्रांतीला पुढच्या घरी जायची, जाताना रिकामी नाही, तीळगूळ घालून. बाबा रिटायर झाले आणि २००९ साली तुम्ही गुहागरला गेलात, त्या वर्षी पाळी तुझी होती. माईंकडून तुझ्याकडे यायची होती. सामानाचा टेंपो भरला, गडबडीत राहून गेली. मला वाटलं, पुढे ती उरलेल्या घरांत फिरत असेल. तर माई म्हणाल्या, “पाळी तिची होती. ती घेतल्याशिवाय पुढे कशी द्यायची?” बाकीच्या चौघींनाही ते मान्य होतं म्हणे. सतरा वर्षं परात माईंकडे थांबली आहे.

मी म्हटलं, द्या माझ्याजवळ, गाडी आहे, पोचवतो. माईंनी परात माझ्या हातातून काढून घेतली. रागानं नाही, पण घेतली. “तिला म्हणावं, येऊन घेऊन जा. सहा घरांपैकी दोन आता मिटली. वेळेवर ये म्हणावं.”

दोन म्हणजे, एक तळमजल्यावरचं, ते तुम्हाला ठाऊक आहे. दुसरं वरच्या वहिनींचं, असं माई म्हणतात, पण मला ते पटलं नाही. काका २०२१च्या एप्रिलमध्ये गेले तेव्हा आपल्यापैकी कुणालाच जाता आलं नव्हतं. वहिनी एकट्याच राहतात. संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. चहा टाकता टाकता त्या म्हणाल्या, “तुझी आई रोज सात वाजता फोन करायची. सव्वा वर्ष. काही बोलायला नसलं तर आमटीला काय घातलंस विचारायची.” आई, हे तू आम्हाला कधीच सांगितलं नाहीस. सात वाजता तू देवाजवळ दिवा लावून फोन घेऊन मागच्या पडवीत जायचीस ते आठवतंय, मला वाटायचं बातम्यांचा आवाज नको म्हणून जातेस. वहिनींचं घर मिटलेलं नाही. कुंड्या आहेत, दारात रांगोळी होती. सात वाजले तेव्हा त्यांनी एकदा घड्याळाकडे बघितलं, तेवढंच.

बाबा, तुमच्या बायपासनंतर ‘आता प्रवास नको, फोन आहे की’ असं मीच तुम्हाला म्हणत आलो. दोनदा तुम्ही नाशिकचं काढलंत, दोनदा मीच मोडता घातला. डॉक्टरांनी नाही म्हटलं नव्हतं, मी म्हटलं होतं. ते माझं चुकलं. काळजीपोटी म्हटलं हे खरं, पण चुकलं. फोननं जे भागेल असं मला वाटत होतं, ते तात्यांच्या बाबतीत अजिबात भागत नाही, आणि माईंच्या परातीचं तर नाहीच नाही.

तेव्हा असं ठरवू. उन्हाळ्याच्या आत, होळी झाली की मी गाडी घेऊन गुहागरला येतो. एक मुक्काम पुण्यात, दुसऱ्या दिवशी सावकाश निघायचं, दर दोन तासांनी थांबायचं. पुढच्या वर्षी सिंहस्थ आहे. रस्त्यांची कामं आत्ताच जिकडेतिकडे चालू आहेत, नंतर गर्दीत तुम्हाला नेणं मला जमायचं नाही. रंगपंचमीच्या सुमाराला गेलो तर नातीला जुन्या नाशकातली रहाडही दाखवता येईल. पेशव्यांच्या काळापासूनचे ते रंगाचे हौद तिला खरेच वाटत नाहीत. बाबांनी तरुणपणी रहाडीत धप्पा मारल्याचं तात्यांनी तिला सांगितलंय, ती तुम्हाला विचारणार आहे. तयारीत राहा.

आईनं तीळगूळ करून ठेवायला हरकत नाही. संक्रांत होऊन गेली तरी रथसप्तमीपर्यंत चालतंच, आणि आपल्याला थोडा उशीर झाला तर माई काही म्हणणार नाहीत. सतरा वर्षं थांबल्या आहेत.

सोबत एक कोरं पोस्टकार्ड आहे. निघताना तात्या जिन्यापर्यंत आले आणि माझ्या खिशात घातलं. पत्त्याच्या जागी त्यांनी स्वतःचा पत्ता स्वतःच्या हातानं लिहून ठेवलाय, अक्षर थोडं कापतंय. डावी बाजू मोकळी सोडली आहे. बाबा, शाईनं आणि मोठ्या अक्षरात लिहा, त्यांना डोळ्यांनाही आता कमी दिसतं.

तुमचा,
थोरला